स्टेंट पुन्हा अरुंद झालाय? दुसरा टाकण्याआधी 'का' ते विचारा

"अक्का, एक गोळी चुकवली नाही बघा. मग स्टेंट परत बंद कसा झाला?"

सोलापुरात अशोक चौकापासून थोडं आत आमचं मेडिकल दुकान आहे. मी फार्मासिस्ट, सव्वीस वर्षं त्या काउंटरमागे उभी आहे. भोवती यंत्रमाग, टॉवेलचे कारखाने, बीड्या वळणाऱ्या बायका. निम्मी गिऱ्हाइकं घरात तेलुगू बोलतात आणि मला अक्का म्हणतात. हा प्रश्न पहिल्यांदा एका कारखान्यातल्या जॉबरनं, म्हणजे मागांची देखभाल करणाऱ्यानं, विचारला, तेव्हा "डॉक्टरांना विचारा" म्हणून मी त्याला वाटेला लावलं. पुढे तोच प्रश्न माझ्या घरात आला.

आमचे हे चादरीच्या कारखान्यात हिशेब बघतात. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांच्या हृदयाच्या डाव्या पुढच्या धमनीत, जिला डॉक्टर एलएडी म्हणतात तिच्यात, औषधाचा स्टेंट बसवला, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी, औषध लावलेली धातूची बारीक जाळी. तेरा महिन्यांनी, जानेवारीत, सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरली. होम मैदानावर दोन पाळण्यांच्या मधल्या अंतरात हे दोनदा थांबले. दुसऱ्यांदा थांबले तेव्हा हात छातीवर होता. अँजिओग्राफी केली, स्टेंटच्या आतच ऐंशी टक्के अडथळा निघाला.

एका ठिकाणी सांगितलं, आत आणखी एक स्टेंट टाकू, उद्या सकाळी या. दुसऱ्या ठिकाणच्या डॉक्टरांनी सीडी बघून विचारलं, "पहिला का अरुंद झाला ते कुणी तपासलं का?" त्या एका प्रश्नानं ह्यांचा उपचार बदलला. तो प्रश्न तुम्हालाही विचारता यावा, आणि मिळालेलं उत्तर कळावं, एवढ्यासाठी हे लिहिते आहे.

गोळ्या कशासाठी असतात

जॉबरच्या प्रश्नापासूनच सुरू करते. स्टेंट दोन तऱ्हांनी बंद होतो आणि दोन्हींचा एकमेकांशी फारसा संबंध नाही.

एक म्हणजे गुठळी. जाळीवर रक्त गोठतं, काही मिनिटांत वाट बंद होते, मोठा झटका येतो. पहिल्या महिन्यात धोका सगळ्यात जास्त. ॲस्पिरिन आणि तिच्या जोडीची क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉर ही गुठळी अडवण्यासाठी असते. दुसरी तऱ्हा सावकाश चालते. जाळीच्या आत थर वाढत जातो आणि महिन्यामहिन्यानं वाट बारीक होते. हा थर त्या गोळ्यांनी थांबत नाही. म्हणजे जॉबरच्या गोळ्या वाया गेल्या नव्हत्या. त्यांनी त्याला पहिल्या तऱ्हेपासून वाचवलं होतं.

जोडगोळी किती दिवस घ्यायची हे ज्यानं त्यानं ठरवायचं नसतं. झटका येऊन स्टेंट बसला असेल तर साधारण बारा महिने, ठरवून बसवला असेल तर बहुधा सहा महिने, रक्तस्रावाचा धोका असेल तर त्याहून कमी. त्यानंतर एक गोळी पुढे चालूच राहते. दाढ काढायची, मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, गावाला निघालोय आणि पट्टी संपली, अशा कारणांनी आपल्या मनानं बंद करणारे मला आठवड्याला एक-दोन भेटतात. दाढ काढण्याआधी हृदयाच्या डॉक्टरांना फोन करा. बहुतेक वेळा गोळी चालू ठेवूनच दाढ काढता येते.

थर वाढतोच कशाला

आपली हृदयाची धमनी मालदांडी ज्वारीच्या दाण्याहून बारीक, अडीच-तीन मिलिमीटरची. तिच्यात फुगा नेतात आणि हवेच्या दाबाच्या बारा-सोळा पट दाबानं फुगवतात. मोटारीच्या टायरमध्ये हा दाब दोन-सव्वादोन पट असतो, यावरून अंदाज घ्या. चरबीचा थर त्या दाबानं चिरडून बाजूला होतो, पण धमनीचं आतलं नाजूक अस्तरही फाटतं. म्हणजे जखम झाली. मग शरीर ती भरायला घेतं. भिंतीच्या मधल्या थरातल्या स्नायूपेशी वाढतात, आत सरकतात आणि जाळीवर नवा थर चढवतात.

हा थर मुळीच नको असं नाही. उघड्या धातूवर गुठळी होते, म्हणून पातळ अस्तर यायलाच हवं. ह्यांच्या कारखान्यात मागावर तार तुटली की विणकर गाठ मारतो. गाठ मारली नाही तर चादरीला भोक पडतं. पण एकाच जागी गाठीवर गाठ पडत गेली की तिथं कापड जाड येतं आणि तेवढा भाग फेकावा लागतो. धमनीत हेच होतं.

१९७७ साली झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी पहिल्यांदा माणसाच्या हृदयाची धमनी फुग्यानं उघडली, तेव्हा स्टेंट नव्हते. नुसत्या फुग्याच्या काळात सहा महिन्यांत तिघांपैकी एकाची तरी धमनी परत अरुंद व्हायची. साध्या धातूचे स्टेंट आले, हे प्रमाण शंभरात वीस-तीसवर आलं. मग धातूवर औषध लावायची कल्पना निघाली. त्यातलं पहिलं मोठं औषध सिरोलिमस. ईस्टर बेटावरून १९६४ साली आणलेल्या मातीतल्या जिवाणूपासून ते मिळालं आणि त्याच्यामागे वर्षानुवर्षं चिकाटीनं लागले ते कॅनडात काम करणारे आपले सुरेंद्रनाथ सहगल. कंपनीनं प्रयोगशाळा बंद केली तेव्हा त्यांनी तो जिवाणू घरच्या फ्रीजरमध्ये जपून ठेवला होता. मी एव्हरोलिमसच्या स्टेंटचं नाव वाचते तेव्हा मला त्या फ्रीजरची आठवण येते, कारण एव्हरोलिमस हे त्याच घराण्यातलं औषध. पेशींचं विभाजन ते थांबवतं.

औषधाच्या स्टेंटमुळे पहिल्या वर्षात पुन्हा अरुंद होण्याचं प्रमाण साधारण शंभरात पाच ते दहावर आलं. ही मोठी कमाई आहे. पण औषध जाळीवर कायम राहत नाही. बहुतेक स्टेंटमधलं औषध तीन-चार महिन्यांत झिरपून संपतं. पुढे धमनी, तुमची साखर आणि तुमची चरबी यांच्यावरच सगळं चालतं. त्यानंतरही दर वर्षी शंभरातल्या एक-दोघांना स्टेंटच्या जागी काही ना काही त्रास होत राहतो. "औषधाचा आहे, आता काळजी नाही" हे वाक्य मी दुकानात इतक्या वेळा ऐकलंय की ते खोडून काढायला हा परिच्छेद लिहावा लागला.

ह्यांच्या स्टेंटमध्ये काय निघालं

दुसऱ्या डॉक्टरांनी अँजिओग्राफीवर न थांबता धमनीत ओसीटी नावाची बारीक तार घातली. ती प्रकाशाच्या साहाय्यानं आतून चित्र काढते. अशीच आवाजाच्या लहरींवर चालणारी आयव्हस असते. अँजिओग्राफीत धमनीची नुसती सावली दिसते. या तपासण्यांत जाळीची एकेक तार, तिच्यावरचा थर आणि मागे भिंतीत साचलेला चुना, म्हणजे कॅल्शियम, दिसतो.

ह्यांच्या धमनीच्या मधल्या भागात चुन्याचं अर्धं कडं होतं. स्टेंट पावणेतीन मिलिमीटरचा, पण त्या कड्याजवळ तो दोनच्या आसपासच उघडला होता. मी आधी म्हटलं, पाऊण मिलिमीटरनं काय होतंय? डॉक्टरांनी कागदावर वर्तुळं काढून दाखवली. पावणेतीनऐवजी दोनचा व्यास म्हणजे आतली जागा जवळजवळ निम्मी. त्यावर सगळीकडून पाव मिलिमीटर थर चढला, तर पूर्ण उघडलेल्या स्टेंटमध्ये सव्वादोनची वाट राहते, अर्धवट उघडलेल्यात दीडची. तेवढाच थर, पण एकाला काही कळत नाही आणि दुसऱ्याची छाती दाबते. ह्यांचा थरही जाड होता, कारण तेव्हा एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेचा सरासरी आकडा, ८.९ होता.

आता विचार करा, त्या आवळलेल्या कड्याच्या आत दुसरा स्टेंट टाकला असता तर काय झालं असतं? धातूचे दोन थर, आणि बाहेरचं कडं तसंच. म्हणून त्यांनी आधी बारीक पाती असलेल्या फुग्यानं थर चिरला, मग जास्त दाब सोसणाऱ्या कडक फुग्यानं जुना स्टेंट त्याच्या खऱ्या मापापर्यंत उघडला आणि शेवटी औषध लावलेला फुगा अर्धा-एक मिनिट फुगवून धरला. औषध भिंतीत उतरलं, नवा धातू आत गेला नाही.

जॉबरचं कारण वेगळं होतं. त्याचा स्टेंट आठ वर्षं नीट चालला. मग आत नव्यानं चरबीचा थर साठला, मूळ आजार पुन्हा स्टेंटच्या पोटात झाला म्हणा. औषधाच्या स्टेंटमध्ये हे दोन-तीन वर्षांतही सुरू होऊ शकतं. कोलेस्टेरॉलची गोळी त्यानं "रिपोर्ट नॉर्मल आला" म्हणून सोडली होती. ती गोळी माझ्याच दुकानातून जायची. कधी थांबली ते माझ्या लक्षात आलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

बाकीची कारणं थोडक्यात: स्टेंटची तार तुटणं, स्टेंटच्या टोकाला आजारी भाग उघडा राहणं, दोन स्टेंटच्या मध्ये फट, औषध धरून ठेवणाऱ्या लेपामुळे भिंतीला सूज, क्वचित पेशींवर औषधाचा परिणामच न होणं. लांब स्टेंट, बारीक धमनी, फाट्यावरचा अडथळा, मूत्रपिंडाचा आजार आणि मधुमेह असलेल्यांना धोका अधिक. मधुमेह असून दोन-तीन धमन्यांत आजार असेल, तर बायपासचा विचार मनापासून करा. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रीडम नावाच्या मोठ्या अभ्यासात अशा रुग्णांना औषधाच्या स्टेंटपेक्षा बायपासचा फायदा जास्त झाला.

पित्त की छाती?

हा भाग नीट वाचा. सोलापुरात सगळ्यात जास्त घोटाळा इथंच होतो.

आपल्याकडे शेंगाची चटणी, वर कच्चं तेल, कडक भाकरी, मे महिन्यात त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंश ऊन. छातीत जळजळलं की माणूस पित्त म्हणतो आणि दुकानात येऊन कॅप्सूल मागतो. ह्यांनीही दोन महिने तेच केलं, आणि ती कॅप्सूल मीच त्यांना देत होते. स्टेंट असलेल्या माणसानं कॅप्सूल मागितली की आता मी तीनच प्रश्न विचारते. चालताना होतं का? थांबलं की पाच-दहा मिनिटांत जातं का? पहिल्या वेळी झालं होतं तसंच वाटतं का? तिन्हींना हो असेल तर कॅप्सूल देत नाही, डॉक्टरांकडे पाठवते.

स्टेंट अरुंद झाल्याचं दुखणं बहुधा जुन्या ओळखीचं असतं: तीच जागा, तोच दाब, तोच जबडा किंवा तोच डावा हात. म्हणून पहिल्या वेळी काय झालं होतं ते आत्ताच, आठवतंय तोवर, वहीत लिहून ठेवा. मधुमेह असलेल्यांना दुखत नाही असंही होतं. त्यांना नुसता दम लागतो, घाम येतो, जिना चढताना पाय ओढत नाहीत.

ओळखायची एक सोपी रीत सांगते. रोजचा एक ठरलेला रस्ता धरा. हे सकाळी सिद्धेश्वर तलावाच्या काठानं फिरतात. किती अंतरावर थांबावं लागलं, किंवा लागलं नाही, ते रोज कॅलेंडरवर लिहितात. ऑक्टोबर २०२२ पासूनच्या नोंदी असत्या तर गड्ड्यापर्यंत वाट बघावी लागली नसती. पंधरा दिवसांत अंतर कमी होत गेलं, किंवा बसल्याजागी त्रास होऊ लागला, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका.

दुखायला लागलं तर बसा. जिभेखालची गोळी डॉक्टरांनी दिलेली असेल तर ठेवा. पाच मिनिटांत उतरलं नाही तर १०८ ला फोन करा, स्वतः गाडी चालवत निघू नका. आणि पुरुषमंडळींनी एक ऐकावं, कारण लाजेपायी हे कुणी विचारत नाही: सिल्डेनाफिलसारखी ताकदीची गोळी घेतली असेल तर जिभेखालची गोळी चालत नाही, रक्तदाब एकदम कोसळतो. डॉक्टरांना ते स्पष्ट सांगा. दुकानात सांगायचं असेल तर बाजूला बोलवून सांगा, मी कुणाला बोलत नाही.

पित्ताचंच आहे असं ठरलं तरी क्लोपिडोग्रेल चालू असताना ओमेप्राझोल किंवा इसोमेप्राझोल मागू नका. त्यांच्यामुळे क्लोपिडोग्रेलचा परिणाम कमी होतो. डॉक्टर बहुधा पँटोप्राझोल देतात.

तपासणी आणि विचारायचे प्रश्न

झोपून काढलेला ईसीजी चांगला आला म्हणून स्टेंट मोकळा आहे असं होत नाही. त्रास चालताना होत असेल तर ताण देऊन केलेली तपासणी लागते, पट्ट्यावर चालून, इकोबरोबर किंवा थॅलियमची. तीन मिलिमीटरहून लहान स्टेंट सीटी अँजिओग्राफीत स्वच्छ दिसत नाही, तेव्हा त्यावर पैसे घालण्याआधी आपल्या स्टेंटचं माप सांगा. उलट काहीच त्रास नसताना दर वर्षी अँजिओग्राफी करून बघायची गरज नाही.

अरुंद झाल्याचं निघालं, तर माझ्या मते हे विचारायलाच हवं. किती टक्के आहे, आणि मधला असेल, म्हणजे पन्नास ते सत्तरच्या घरात, तर दाब मोजून पाहिला का? एफएफआर नावाच्या त्या तपासणीत आकडा ०.८० किंवा त्याहून कमी आला तरच तो अडथळा खरा रक्त अडवतोय असं धरतात. आतून ओसीटी किंवा आयव्हस करणार का? जुना स्टेंट पूर्ण उघडलेला आहे का? थर कसला आहे, मांसाचा, चरबीचा, की मागं चुना आहे? या उत्तरांवरून औषधाचा फुगा, दुसरा स्टेंट, चुना फोडणं किंवा बायपास यातलं काय योग्य ते ठरतं. दुखणं उठलेलं असेल, झटका आलेला असेल, तर अर्थातच वाद घालत बसायचं नाही. तेव्हा धमनी उघडणं पहिलं.

आणि डॉक्टरांना हे विचारताना बिचकू नका. "डॉक्टर, पहिला का अरुंद झाला ते आम्हाला समजून घ्यायचंय" एवढं म्हटलं तरी पुरतं. चांगल्या डॉक्टरांना याचा राग येत नाही.

दोन आकडे

एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ५५ च्या खाली. लॅबच्या कागदावर शेजारी "नॉर्मल १०० पर्यंत" छापलेलं असतं. तो रकाना स्टेंट असलेल्या माणसासाठी नाही. ह्यांचा ९६ होता आणि आम्ही खूश होतो. डॉक्टरांनी स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी, वाढवली, जोडीला इझेटिमाइब दिली. एचबीएवनसी साधारण सातच्या आसपास. वय, मूत्रपिंड आणि साखर एकदम उतरण्याची भीती पाहून डॉक्टर तो कमीजास्त ठरवतात. ह्यांचा आता ७.१ आहे. ज्वारीची भाकरी चालते, पण चार नव्हे. तंबाखू, मिश्री, बीडी पूर्ण बंद. तंबाखूचा राग एका स्टेंटवर नाही, सगळ्या धमन्यांवर असतो.

फाइल

ह्यांच्या पहिल्या स्टेंटचं माप शोधायला आम्हाला दोन दिवस गेले, कारण घरी कार्डच नव्हतं. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारनं स्टेंटच्या किमतीला मर्यादा घातली, तेव्हा औषधाच्या स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरली (नंतर ती बदलत गेली), आणि त्याच आदेशात बिलावर स्टेंटची किंमत, ब्रँड, कंपनी आणि बॅच नंबर वेगळा लिहायला सांगितलं. तेव्हा घरी सोडताना बिल वाचा. डब्यावरचं स्टिकर फाइलला लावलेलं आहे का बघा, त्यावर व्यास आणि लांबी असते. अँजिओग्राफीची सीडी मागून घ्या, नुसता कागद पुरत नाही. योजनेतून फुकट झालं असलं तरी हे कागद मागायचा हक्क तुमचा आहे.

आमच्या फाइलच्या पहिल्या पानावर एवढंच आहे: कोणती धमनी, कोणत्या तारखेला, किती बाय कितीचा स्टेंट, चालू गोळ्या, कशाची ॲलर्जी, डॉक्टरांचा नंबर. त्याचा फोटो ह्यांच्या आणि माझ्या फोनमध्ये आहे. फाइल दाराजवळच्या खुंटीला कापडी पिशवीत असते, आणि ती तिथं आहे हे शेजारच्या वहिनींनाही सांगून ठेवलंय.